बडोद्याची काकू

आईची शाळा बंद झाली त्या वर्षापासून आमच्या घरात दुपारी माणसाचा आवाज यायला लागला. त्याआधी निजामपुऱ्यातलं आमचं टेनामेंट, म्हणजे रांगेतलं बैठं घर, दुपारभर कुलपात असायचं. बाबा कंपनीत, मी शाळेत आणि मग कॉलेजात, आणि आई तिच्या मराठी प्राथमिक शाळेत. त्या शाळेत वर्षागणिक मुलं कमी होत गेली. ज्यांच्या आजोबांनी संस्थानच्या कचेरीत मोडीत खर्डे लिहिले, त्यांची नातवंडं इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसू लागली. त्यात मीही होते, हे सांगायला हवं. मराठीच्या बाईंची मुलगी इंग्रजी माध्यमात! आई म्हणायची, "घरात मी आहे की, मराठी कुठे जाते?" शेवटी तिच्या वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त झाली आणि एका उन्हाळ्यात शाळेने दार लावलं. आई घरी आली ती वर्गातला आवाज घेऊनच. तो आवाज आमच्या दोन खोल्यांना फार मोठा पडायचा. भाजीच्या लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, ती "काकडी कडू निघाली तर याद राख" हे गुजरातीत असं सांगायची, की चार घरं सोडून पलीकडच्या हंसाबेन बाहेर येऊन बघत.

पण हा आवाज फक्त बाहेरच्यांसाठी होता. आत आली की गप्प. दुपारची आमटी-पोळी झाली, ओटा पुसून झाला की ती पंख्याखाली बसून राही, आणि कुकरच्या शिट्टीशिवाय घरात काही वाजत नसे. मी कॉलेजातून फतेहगंजहून सायकल दामटत यायचे. येताना कधी लीलो चिवडो, बडोद्याचा तो ओलसर चिवडा, आणायचे, मैत्रिणींच्या नकला करून दाखवायचे, सरांच्या गमती सांगायचे. ती हसल्यासारखं करायची. मी अठरा वर्षांची होते आणि आईला हसवणं हे माझं काम आहे असं मी ठरवून टाकलं होतं. ते काम मला जमत नव्हतं.

बाबांच्या ऑफिसमधून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत आला होता. त्याच्यावर आईने विणलेलं झाकण असे. एका दुपारी ती एकदम म्हणाली, "मुग्धा, तुझ्या त्या पेटीत शेंगोळे मिळतील का गं? माझी नगरची मावशी करायची. लसणाचं नेमकं कसं करायची ते आठवत नाही." मी तोवर मराठीत काही शोधलंच नव्हतं. कशीबशी अक्षरं जुळवून शब्द टाकला आणि एक पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'माझे शेंगोळे: एक शोकांतिका.' आई उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "अगं, हे मराठीत आहे!" ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याने वाचायला लागली. मी एक ओळ वाचेपर्यंत तिचा परिच्छेद व्हायचा. स्वीडनमधल्या एका लहान गावात शिकणारी केतकी नावाची मुलगी होती. मूळची नगरकडची. घरून नेलेलं कुळथाचं पीठ तिने जपून ठेवलं होतं. एका बर्फाच्या दिवशी शेंगोळे केले, आणि पातेल्यात ते एकेक करून विरघळत गेले. 'शेवटी मी पिठल्याला सामोरी गेले,' असं तिने लिहिलं होतं. आई हसली. असं हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "कार्टीने पीठ सैल भिजवलंय!"

आई हसली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला आठवतं ते हे, की माझे कान गरम झाले. इतके महिने मी नकला करत होते आणि ही कोण कुठली, जिचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं, तिने एका फसलेल्या पातेल्यावर बाजी मारली होती.

त्या ब्लॉगचं नाव 'तिसरी शिट्टी'. ब्लॉग हा शब्द आईला मीच सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे वही उघडी टाकून बाहेर ओट्यावर ठेवायची, असंच ना?" दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर झाकण घडी करून ठेवलेलं आणि आई एका बोटाने टाइप करत होती. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, हे तिने हंसाबेनच्या सुनेकडून शिकून घेतलं होतं. 'ळ' साठी मोठा एल दाबावा लागतो याचा तिला राग आला होता. "ळ काय ल चा मोठा भाऊ आहे?" असं पुटपुटत तिने पहिली प्रतिक्रिया लिहिली: 'चि. केतकी, पीठ घट्ट भिजव. लसूण ठेचून, चिरून नव्हे. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय एकही शेंगोळा सोडू नकोस. बडोद्याची काकू.' आणि त्या मुलीने उत्तर दिलं. पुढच्या रविवारी एक अख्खा लेखच आला, 'काकूंची उकळी' नावाचा. शेंगोळे टिकले होते.

मग आमच्या घरात केतकी राहायला आली असं म्हटलं तरी चालेल. जेवताना केतकी, लारीवर केतकी. "केतकीकडे आज उणे बारा आहे." "केतकीला तिकडे कोथिंबीर मिळत नाही गं, अजमोदा घालते बिचारी." मी म्हणायचे, "आई, माझी उद्या परीक्षा आहे." ती म्हणायची, "हो का? केतकीचीही आहे." एकदा केतकीने लिहिलं की ती लहान असतानाच तिची आई गेली, म्हणून हे सगळं तिला कोणी शिकवलं नाही. तो लेख वाचून आईने त्या दिवशी लारीवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही. आई नसलेल्या मुलीचा हेवा करणं फार अवघड असतं. मी ते जमवलं.

सगळ्यात वाईट झालं ते संक्रांतीच्या आधी. आई टाइप करत बसली होती, दार उघडं होतं आणि हंसाबेन जाळीतून डोकावल्या. "सुधाबेन, कोनी साथे वातो करो छो?" कोणाशी गप्पा चालल्यात? आई मान न वळवता म्हणाली, "दीकरी साथे." मुलीशी. हंसाबेननी माझ्याकडे बोट केलं. मी तिळगुळाचं ताट घेऊन आतल्या दारात उभी होते. "दीकरी तो आ ऊभी!" त्या हसत म्हणाल्या. आईने वळून पाहिलं, तीही हसली, "अरे हा, आ पण छे," म्हणाली आणि परत पडद्याकडे वळली. ही पण आहे. आज हे लिहिताना मला ठाऊक आहे की ती थट्टा होती. मला स्वतःला एक मुलगी आहे आणि मी तिची याहून वाईट थट्टा करते. पण ते 'पण' मी कितीतरी दिवस दाढेत अडकलेल्या तिळासारखं जिभेने चाचपत राहिले.

मी केतकीचे लेख तिच्यातली खोट शोधायला वाचू लागले. त्यासाठी मराठी वाचावं लागलं, आणि मला ते तिसरीतल्या मुलासारखं बोट ठेवून वाचावं लागे. खोट सापडली नाही, पण तिच्या पानाच्या उजव्या कडेला 'शेजारपाजार' अशी एक जागा होती, तिथे ती वाचत असलेल्या लोकांची नावं होती. एकावर टिचकी मारली की दुसरं घर उघडे, त्याच्या कडेला आणखी घरं. देवरुखजवळच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं घर होतं. त्यांच्या पडवीतल्या दिव्यावर येणाऱ्या पतंगांबद्दल ते लिहीत, बाकी कशाबद्दलच नाही. 'काल एक राखाडी गृहस्थ आले, पंखांना जुन्या कोटासारखी झिजलेली किनार, सकाळपर्यंत थांबले.' मस्कतमध्ये नर्स असलेली एक बाई तिच्या बाल्कनीतल्या पुदिन्यावर आणि खोलीतल्या मैत्रिणींच्या भांडणांवर लिहायची, आणि भांडण कोणी जिंकलं ते कधीच सांगायची नाही. सोलापूरच्या एक आजी होत्या. त्यांचे यजमान गेलेले, आणि त्या रोज त्यांनाच लिहीत. 'अहो, आज गॅसवाला आला. सुटे नव्हते. तुमचा सदरा चाचपला सवयीने.' हे सगळं कुठे छापून येत नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. माझ्या कॉलेजात लिहायचं म्हणजे मासिकात, निवड समितीसमोर. इथे ज्याला जे वाटेल ते तो लिहीत बसला होता आणि कोणीतरी ते वाचत होतं. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला, पोस्टमास्तरांच्या राखाडी पतंगाचासुद्धा.

म्हणून मीही एक ब्लॉग उघडला. आमच्या कोपऱ्यावरच्या सेव उसळीवर लिहिलं. रस्सा कसा लालभडक असतो, वर कांदा, मालक कसा "तीखुं के मीडियम?" विचारतो आणि काहीही सांगितलं तरी तिखटच देतो. माझ्या मते झकास झालं होतं. आईला वाचायला बोलावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, हसण्याची वाट बघत. बाहेरून तिचा आवाज आला. "'मीळते' नाही, 'मिळते'. म ला पहिली वेलांटी. आणि 'आणि' दीर्घ का लिहिलंस?"

मी बाहेर आले. "केतकीसुद्धा 'आणी'च लिहिते. तिला कधी सांगितलंस?"

"तिचं तिच्यापाशी," आई म्हणाली. "तू माझी आहेस ना?"

हे वाक्य मला तेव्हा शिक्षेसारखं ऐकू आलं. माझ्या लेखाखाली एकच प्रतिक्रिया आली. केस गळतीवर औषध विकणाऱ्या कोणाची तरी होती.

पुढे उन्हाळा लागला आणि 'तिसरी शिट्टी'वर नवीन काही येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. आई रोज दुपारी पान उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. "परीक्षा असेल." मग, "आजारी असेल." मग, "तिकडे रस्त्यावर बर्फ असतो, घसरली तर उचलायला कोण?" मी म्हटलं, "आई, मे महिन्यात कसला बर्फ?" आणि एक दिवस ते पानच उघडेना. असा ब्लॉग अस्तित्वात नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. मला जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन. संपली एकदाची. संध्याकाळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्यापर्यंत सायकल चालवत गेले, पूल ओलांडून, उगीचच.

पण आई परत पंख्याखाली जाऊन बसली. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. बाबा तसे कमी बोलणारे, पण एकदा ताटावर म्हणाले, "सुधा, इंटरनेटवरची माणसं ती. आज आहेत, उद्या नाहीत." आई म्हणाली, "माझ्या वर्गातली मुलंही तशीच होती हो. म्हणून काय हजेरी घ्यायची नाही?" ताटं उचलताना तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "मुगे, तुला ते सगळं येतं ना? बघ ना कुठे गेली ती. नुसतं बरी आहे एवढं कळलं तरी पुरे."

आणि मी शोधायला निघाले. ज्या मुलीला घरातून घालवायला मी देव पाण्यात ठेवायचे बाकी होते, तिला शोधायला. आडनाव माहीत नाही, पत्ता नाही. होता फक्त शेजारपाजार. मी एकेका घरी जाऊन खाली लिहू लागले: 'नमस्कार. मी बडोद्याच्या काकूंची मुलगी. केतकीचं काही कळलं का?' तेवढी दोन वाक्यं मी चार वेळा तपासायचे, ऱ्हस्व-दीर्घासकट. पोस्टमास्तरांचं उत्तर लगेच आलं: 'पतंगांचा हंगाम संपतो तसा माणसांचाही संपतो, पण मी विचारून पाहतो.' ज्यांच्याकडे कधी गेले नव्हते अशा लोकांकडे त्यांनी मला पाठवलं. इंदूरचे एक गृहस्थ, ते फक्त कुलपांवर लिहीत. पुण्याची एक मुलगी, तिने तीन मांजरांचं दैनिक चालवलं होतं. कोणालाच काही माहीत नव्हतं, पण प्रत्येकाने विचारलं, 'काकू कशा आहेत?' माझ्या आईला एवढी माणसं ओळखतात हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या सोसायटीत तिला मुग्धाची मम्मी म्हणत. तिथे मी काकूंची मुलगी होते.

सोलापूरच्या आजींनी मला उत्तर दिलं नाही. त्यांनी ते त्यांच्या यजमानांना लिहिलं. 'अहो, आज बडोद्याहून एक मुलगी आली होती, केतकीला शोधत. उन्हातान्हाची. पाणी द्यावंसं वाटलं, पण कसं द्यायचं?' आईने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "आलीस बघ तू त्यांच्याकडे!" त्या दिवशी पहिल्यांदा आई माझ्याबद्दलचं काहीतरी वाचून खुश झाली होती, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

शेवटी पत्ता दिला तो मस्कतच्या नर्सने. एक दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, 'ती ठीक आहे. काकूंना दाखवायचं की नाही ते तू बघ.' मी घरी एकटी असताना ते उघडलं. इंग्रजी ब्लॉग होता, दुसऱ्या नावाने. तळ्यांचे, सायकलींचे फोटो. पण दोन ओळींत ओळखू आली, तीच पातेल्याशी भांडणारी मुलगी. त्या इंग्रजीचाही मला हेवा वाटला, आणि इंग्रजी तर माझी होती, मी त्यासाठी बारा वर्षं बसने गेले होते! तिने जुनं घर का मोडलं तेही लिहिलं होतं. तिथे खूप माया मिळाली, ती म्हणत होती, पण मायेला रोज उत्तर द्यावं लागतं. लिहायला बसलं की सगळे काका-काकू खुर्च्या ओढून मागे बसलेले वाटायचे. एका काकूंना तर मी कांदा कसा चिरते हेही माहीत होतं. एरिक माझ्या आयुष्यात आला तेव्हा त्या काकूंसमोर त्याचं नाव लिहायला हात उचलेना. खोटं लिहवेना, म्हणून दार लावलं.

मला हवं होतं ते सगळं त्या पानावर होतं. तिला माझी आई नकोशी झाली होती. तरी मी तिथे बसून जळत राहिले, आणि या वेळी वेगळ्याच कारणाने. आईला बाहेर ठेवून दार लावून घेण्याची सोय तिच्याकडे होती. आमच्या घरात दोन खोल्या आणि एकच कडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला बसवलं. "सापडली," म्हटलं, "पण इंग्रजीत आहे. वाचून दाखवू?" मनात वाटत होतं, थोडं गाळून वाचावं. ती म्हणाली, "सरक. येतं मला." ओठ हलवत, बोट पडद्यावर ठेवून ती वाचत गेली, अगदी मी मराठी वाचायचे तशी. कांद्याच्या ओळीवर बोट थांबलं. बाहेर लारीवाला ओरडत गेला, ती उठली नाही.

"ही काकू मीच ना?"

"हो."

"एरिक म्हणजे कोण?"

"मित्र तिचा. दोघं एकत्र राहतात."

"लग्न?"

"नाही, आई."

ती जरा वेळ फोटोकडे बघत राहिली. त्यात एक उंच, लाल दाढीवाला मुलगा पातेलं ढवळत होता. "स्वयंपाक तो करतो वाटतं," ती म्हणाली. "बरं आहे." मग तिने चष्मा काढून पदराने पुसला. तो पुसायला फार वेळ लागला.

"खाली काही लिहू का? तू सांग, मी इंग्रजीत लिहिते."

"खबरदार!" वर्गातला आवाज निघाला. मग खाली येत म्हणाली, "तिला कळूसुद्धा द्यायचं नाही आपण वाचलं ते. दार लावलेल्या घरात ओरडून विचारायचं नसतं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुलाही असंच होतं का गं? मी मागे बसलेय असं?"

मी खोटं बोलू शकले असते. "होतं," म्हटलं.

तिने मान हलवली. "तरी पण 'मिळते' ऱ्हस्वच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. ते हसू शेंगोळ्यांच्या दिवसाएवढं नव्हतं, पण माझ्यामुळे आलेलं होतं, आणि मी ते मोजून घेतलं.

आता त्या शेजारपाजारातली बरीच घरं पडली आहेत. पोस्टमास्तरांचं पान अजून उघडतं, शेवटचा पतंग तिथेच बसून आहे. मी पूल ओलांडून अकोट्यात राहते, मराठीत लिहिते, ते छापूनही येतं. आई सत्तरीपलीकडे गेली, पण केतकीला वाचायचं तिने एक दिवस चुकवलं नाही. शब्दकोश शेजारी घेऊन वाचता वाचता तिचं इंग्रजी माझ्या बरोबरीला आलं. एवढ्या वर्षांत तिने तिथे एक अक्षर लिहिलं नाही.

मागच्या महिन्यात मी दुपारी निजामपुऱ्याला गेले तर आई मांडीवर टॅबलेट घेऊन बसली होती. केतकीने तिच्या तान्ह्या मुलाबद्दल लिहिलं होतं. रात्र रात्र रडतो, पोट फुगतं, डॉक्टर म्हणतात काही नाही, मला काही सुचत नाही. आई टाइप करत होती. मी दारातच थांबले. मला ओवा दिसला, तव्यावर गरम केलेल्या कपड्याने शेकणं दिसलं, तीन-चार ओळी झाल्या होत्या. मग तिने मागून एकेक अक्षर पुसत आणलं, पहिल्यापर्यंत.

"पाठव ना," मी म्हटलं. "एवढी वर्षं झाली. तिला बरंच वाटेल."

"तिने मला विचारलेलं नाही," आई म्हणाली.

माझ्यातली तीच अठरा वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. न विचारताही आईने मला आजवर जे जे सांगितलं, त्या सगळ्याचं ओझं घेऊन ती दारात उभी होती. आईने टॅबलेट उलटा ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"केस परत इतके बारीक कापलेस? आणि उन्हात अशी बिनओढणीची आलीस? बस, ताक देते."